तलावाचा पंप : दुखणे कोठे, उपचार कोठे

कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. १८९६ साली स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली येथे आणला, तेव्हा हे शहरापासून दूर असलेले लहानसे खेडे होते आणि महाविद्यालयातील अध्यापन आटोपून अण्णासाहेब पुण्याहून येथवर पायी येत. त्याच भूमीवर आज बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. पेठांतील दुकाने आणि मार्केट यार्डातील गाळे सांभाळणारी आपल्यातील अनेक कुटुंबे या परिसरात राहावयास आली आहेत. नव्या संकुलांपैकी कित्येकांत व्यायामशाळा आणि बाग यांच्या जोडीला पोहण्याचा तलाव असतो. सदनिका घेताना त्या निळ्या पाण्याचे सर्वांनाच कौतुक वाटते. मात्र ते पाणी निळे ठेवणारा पंप जमिनीखालच्या एका अंधाऱ्या खोलीत बसविलेला असतो आणि तो बंद पडेपर्यंत त्या खोलीत सहसा कोणी उतरत नाही.

मग एके दिवशी पाणी हिरवट दिसू लागते. ठेकेदार येतो, मोटारीवर हात ठेवतो आणि नव्या पंपाचे अंदाजपत्रक समितीपुढे ठेवतो. समितीवर आपलाच एखादा व्यापारी बंधू खजिनदार असतो. दुकानात दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत तो वही मिटत नाही, पण येथे मात्र हजारो रुपयांच्या खर्चावर मुकाट्याने सही करतो, कारण पंप हा आपला विषय नाही अशी त्याची समजूत असते. ती समजूत दूर करणे हा या लेखाचा हेतू आहे. पंपाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ पंपात नसते. ते पाण्याच्या वाटेवर किंवा विजेच्या वाटेवर असते. त्या दोन्ही वाटा क्रमाने तपासल्या, तर दुखणे कोठे आहे हे कोणत्याही सावध माणसाला कळू शकते.

पंप पाणी ओढत नाही

प्रथम एक मूलभूत गोष्ट. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, ते शास्त्रदृष्ट्या खरे नाही. साधा चोषक पंप पाणी सुमारे दहा मीटरपेक्षा वर चढवू शकत नाही, हा कारागिरांचा अनुभव गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविला होता. त्याचे कारण टोरिसेली याने काही वर्षांतच, १६४४ साली, स्पष्ट केले. पंप आपल्या पोटात केवळ पोकळी निर्माण करतो. त्या पोकळीत पाणी ढकलते ते बाहेरच्या हवेचे वजन. समुद्रसपाटीला हे वजन सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतके असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे ते साधारण ९.७ मीटर भरते, आणि नळातील घर्षण वजा जाता प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी हाती लागते.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. पंपाच्या अलीकडच्या, म्हणजे तलावाकडून येणाऱ्या नळात कोठेही केसाएवढी फट असली, तर बाहेरची हवा पाण्याआधी आत शिरते आणि पंप पाणी सोडून देतो. पलीकडच्या, म्हणजे फिल्टरकडे जाणाऱ्या नळात पाण्याचा दाब हवेहून अधिक असल्याने तेथील फटीतून पाणी बाहेर ठिबकते. म्हणून पंप चालू असताना गळणारे पाणी दिसले तर दोष पुढच्या बाजूस शोधावा, आणि तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे आले तर मागच्या बाजूस. जमेची बाजू आणि नावेची बाजू वेगळी करता आली की अर्धा हिशेब सुटतो, तसेच हे आहे.

पाण्याची वाट

मागच्या बाजूची तपासणी तलावाच्या काठापासून सुरू करावी. काठावरच्या स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी पाणी हवे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी खाली जाते, स्किमर हवा गिळू लागतो आणि पंपाला नाहक दोष दिला जातो. नंतर स्किमरमधील टोपली व पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीची टोपली पाहावी. पाने, केस व प्लास्टिकचे तुकडे यांनी त्या भरलेल्या असतील तर स्वच्छ कराव्यात. मागचे सर्व व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत याची खात्री करावी. या तिन्ही गोष्टींना खर्च काहीच येत नाही.

त्यानंतर गाळणीचे पारदर्शक झाकण पाहावे. पंप चालू असताना त्याखाली पाणी काठोकाठ भरलेले व स्थिर दिसले पाहिजे. आत हवा खळखळत असेल तर बहुतेक वेळा झाकणाखालची रबरी ओ-रिंग सुकलेली, चिरलेली किंवा मातीचा कण अडकलेली असते. पंप बंद करून ती काढावी, पुसावी आणि सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवून पुन्हा बसवावी. साध्या ग्रीसने रबर फुगते, ते वापरू नये. ओ-रिंग ठीक असूनही हवा येत असेल, तर पंप चालू ठेवून मागच्या नळाच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा दाट फेस लावावा. ज्या सांध्यावर फेस आत ओढला जातो, तेथे फट आहे. या परीक्षेत मोटारीवर किंवा वायरींवर पाणी उडू देऊ नये.

पंप दुरुस्तीनंतर प्रथम सुरू करताना गाळणीत काठोकाठ पाणी भरून मगच झाकण लावावे. विहिरीवरचा पंप सुरू करताना शेतकरी त्यात आधी पाणी भरतो, ते याच कारणासाठी. कोरडा पंप फिरत राहिला तर आतील सील काही मिनिटांत तापून निकामी होऊ शकते.

आता पंपातून रेती दळल्यासारखा आवाज येत असेल तर काय समजावे? पुष्कळ जण बेअरिंग गेले असे म्हणतात. बेअरिंगचा आवाज मात्र सलग किंचाळण्याचा असतो. रेती दळल्यासारखा खडखडाट बहुधा उपाशी पंपाचा असतो. मागून पुरेसे पाणी येत नसले की पंख्याच्या म्हणजे इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका घटतो की पाणी त्या थंड स्थितीतही उकळते. त्याचे बुडबुडे पुढे दाबाखाली फुटतात आणि प्रत्येक फुटण्याने इंपेलरवर सूक्ष्म घाव बसतो. अशा वेळी ठेकेदार मोठ्या अश्वशक्तीचा पंप सुचवितो. हा उपाय रोगाहून महाग व रोगाहून वाईट आहे. त्याच अरुंद नळातून मोठा पंप अधिक पाणी मागतो आणि अधिकच उपाशी राहतो.

गेजची भाषा

पुढच्या बाजूचा साक्षीदार म्हणजे सँड फिल्टरवरील प्रेशर गेज. फिल्टर धुतल्यानंतर लगेच काटा कोठे आहे हे एकदा लिहून ठेवावे. समजा तो ०.८ किलोवर आहे. गाळ साठत जातो तसा दाब चढतो. मूळ आकड्यापेक्षा अर्धा ते ०.७ किलो वाढ झाली की फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याची, म्हणजे बॅकवॉशची वेळ आली. दाब मूळ आकड्याहून खाली गेला तर मागची बाजू तुंबली आहे, इंपेलरमध्ये कचरा अडकला आहे किंवा पंप नीट फिरत नाही. काटा पंप बंद असतानाही शून्यावर येत नसेल तर गेजच बिघडला आहे. सर्वांत स्वस्त वस्तू तीच, ती आधी बदलावी.

बॅकवॉश करताना पंप बंद केल्याशिवाय मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा कधीही फिरवू नये. आतील रबरी पट्टी दाबाखाली फाटते आणि मग तलावाचे पाणी गुपचूप गटारात जात राहते. काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन ते तीन मिनिटे, बॅकवॉश पुरतो. त्यानंतर अर्धा ते एक मिनिट रिन्स करून दांडा पुन्हा फिल्टरवर आणावा. तासाला पंधरा हजार लिटर पाणी हलविणारा पंप तीन मिनिटांत साडेसातशे लिटर पाणी गटारात सोडतो. खडकवासल्याच्या साखळीतील धरणांवर जगणाऱ्या शहरात बॅकवॉश दर रविवारी सवयीने करावा की गेज पाहून करावा, याचे उत्तर सांगावयास नको.

विजेची वाट

पंप सुरूच होत नसेल किंवा नुसताच गुणगुणत असेल, तर विजेची वाट पाहावी. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराचे आहे. तरीही त्याला काय विचारावे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

सिंगल फेज मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात. मुख्य स्विच बंद करून कारागिराने मागचा पंखा हाताने फिरवून पाहावा. दांडा मोकळा फिरला तर कपॅसिटर क्षीण झाला असण्याचा संभव अधिक. हा भाग मोटारीच्या मानाने अगदी स्वस्त असतो, मात्र वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो म्हणून त्याला हौशी माणसाने हात लावू नये. दांडा अडला तर इंपेलरमध्ये खडा किंवा गोटी अडकलेली असते, अथवा बेअरिंग जाम झालेले असते. थ्री फेज मोटार गुणगुणू लागली तर एखादी फेज गेलेली असते. अशी मोटार चालू ठेवल्यास वाइंडिंग जळते, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसविलेला आहे का हे विचारावे.

मोटार तापते ही तक्रार हाताने ठरवू नये. चांगली मोटारही हात ठेववणार नाही इतकी गरम असू शकते. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजावेत आणि मोटारीच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावेत. आकडा जास्त असेल तर व्होल्टेजही मोजावे, कारण लांब व बारीक वायरीमुळे व्होल्टेज पडले की मोटार अधिक प्रवाह घेते. मोटार आणि पंप यांच्या मधून पाण्याचे थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेले आहे. ते वेळीच बदलले तर खर्च लहान असतो. दुर्लक्ष केले तर तेच पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि अखेर वाइंडिंगपर्यंत पोचते. क्लोरीनचे डबे व आम्ल पंपाच्या खोलीत ठेवण्याची रीतही अशीच घातक आहे. त्यांच्या वाफेने तांबे व लोखंड दोन्ही खाल्ले जातात, आणि ही दोन रसायने एकमेकांत मिसळली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वहीने सोडविलेला प्रश्न

येथे आमच्याच परिसरातील एक अनुभव सांगतो. एका संकुलात उन्हाळ्याच्या तोंडावर तलावाचे पाणी गढूळ होऊ लागले. पंप चालू होता, आवाज फारसा नव्हता, गळती नव्हती, टोपल्या स्वच्छ होत्या. ठेकेदाराने इंपेलर झिजल्याचे निदान करून नव्या पंपाची शिफारस केली. समितीच्या आग्रहावरून रखवालदार रोज सकाळी एका साध्या वहीत गेजचा आकडा लिहीत असे. ती वही मागविली. कित्येक आठवडे काटा ०.८ ते १.२ किलो या मर्यादेत होता आणि एका मंगळवारपासून तो एकदम ०.४ च्या आसपास उतरला होता. झीज हळूहळू होते, ती एका रात्रीत होत नाही. त्या सोमवारी काय घडले याची चौकशी केली, तेव्हा पंपाच्या खोलीतील जुनी केबल त्या दिवशी बदलल्याचे निघाले.

पुढचे निदान सोपे होते. थ्री फेज मोटारीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. पंप उलटा फिरला तरी पाणी येणे पूर्ण थांबत नाही, ते बरेच कमी होते, आणि म्हणूनच हा दोष चटकन लक्षात येत नाही. पंप बंद करताना मागचा पंखा थांबता थांबता कोणत्या दिशेने फिरतो हे पाहिले. पंपावरील बाणाच्या तो उलट होता. दोन तारा बदलल्या आणि काटा पूर्ववत झाला. नवा पंप आणला असता तर तोही त्याच तारांवर उलटाच फिरला असता.

हे सारे दहा मिनिटांचे काम ठरले, कारण कोणीतरी रोज एक आकडा लिहिला होता. माझ्या बँकेतील आयुष्यात ताळमेळ न लागलेली खाती पुष्कळ पाहिली. फरक कोणत्या तारखेला पडला हे कळले, की तो का पडला हे शोधणे अवघड राहत नाही.

पैशांहून मोठी बाब

आतापर्यंत खर्चाविषयी लिहिले. दोन गोष्टींत मात्र खर्चाचा विचार मनात आणू नये.

पहिली, तलावाच्या तळाशी असलेली जाळी. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी एका हॉट टबच्या तळाच्या निचऱ्याला चिकटली. पंपाची ओढ इतकी प्रचंड होती की आईला तिला सोडविता आले नाही आणि तिचा अंत झाला. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईने केलेल्या अथक प्रयत्नांतून २००७ साली तेथे तिच्या नावाने कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या बंधनकारक झाल्या. त्यामागील तत्त्व आपल्या तलावांनाही तितकेच लागू आहे. तळाशी परस्परांपासून दूर असे किमान दोन निचरे असावेत, म्हणजे एक झाकला गेला तरी दुसऱ्यातून पाणी येत राहते. जाळी फुगीर असावी. ती तडकली, सैल झाली वा निघाली असेल, तर नवी बसेपर्यंत पंप बंद आणि तलावही बंद. पंपाचा स्विच कोठे आहे हे रखवालदाराप्रमाणे प्रत्येक पालकाला माहीत हवे.

दुसरी, विजेची गळती. पंपाच्या वाहिनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. तो वारंवार पडू लागला, तर मोटारीत पाणी शिरले असल्याचा तो इशारा समजावा. ‘त्रास देतो’ म्हणून त्याला बाजूला सारून थेट जोडणी करणारा कारागीर पुन्हा दारात उभा करू नये.

नदीकाठच्या संकुलांना आणखी एक सावधगिरी हवी. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने आणि पावसाने मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत शिरले, हे कर्वेनगरकरांनी नदीच्या अलीकडून पाहिले. पंपाची खोली जमिनीखाली असल्याने पाणी प्रथम तेथेच भरते. बुडालेली मोटार पाणी ओसरताच सुरू करून पाहू नये. ती उघडून, पूर्ण वाळवून, मेगरने इन्सुलेशन तपासल्यावर किमान एक मेगओहम आकडा आला तरच तिला वीज द्यावी.

नवा पंप घ्यावयाचा झालाच तर

कधीकधी पंप खरोखरच संपलेला असतो. अशा वेळी जुन्या पंपाची अश्वशक्ती डोळे मिटून पुन्हा मागवू नये. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ९० घनमीटर, म्हणजे ९०,००० लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे ठरविले, तर ताशी १५,००० लिटर क्षमता पुरते. आपल्या नळांच्या घर्षणासह तेवढे पाणी देणारा पंप निवडावा.

वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपाची किंमत अधिक असते, पण त्याचे गणित व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे. इंपेलरचा वेग निम्मा केला की पाणी निम्मे येते आणि शक्ती मात्र तत्त्वतः एक अष्टमांश लागते. तेवढेच पाणी फिरविण्यास दुप्पट वेळ लागला, तरी वीज सुमारे चौथ्या हिश्शाने पुरते. प्रत्यक्षात बचत यापेक्षा थोडी कमी भरते. दीड किलोवॉट वीज घेणारा साधा पंप आठ तासांत बारा युनिट खातो. आपल्या बिलातील दराने त्याला गुणावे, वर्षाचा आकडा काढावा आणि किंमतीतील फरक किती वर्षांत वसूल होतो ते पाहावे.

या खर्चाची तरतूदही आधी हवी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी घेणे अपेक्षित आहे. पंपाचे सील दुरुस्ती निधीतून बदलावे, त्यासाठी सभासदांकडे ऐनवेळी हात पसरण्याचा प्रसंग येऊ नये.

पुढच्या समिती बैठकीत एवढेच करावे. शंभर पानी वही विकत घ्यावी, ती पंपाच्या खोलीत दोरीने बांधावी आणि रोज चार रकाने भरण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी : गेजचा आकडा, पंप चालल्याचे तास, आज काय बदलले, तळाच्या जाळ्या पाहिल्या काय. महिन्यातून एकदा विद्युत कारागिराकडून अँपिअर लिहून घ्यावेत. आणि नव्या पंपाचे अंदाजपत्रक जेव्हा पुढ्यात येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी खजिनदाराने ती वही मागवावी.